पंचतारांकित श्रद्धांजली

आता चहा हातात घेतलाच आहे तर ऐकाच. पण ठसका लागला तर मी जबाबदार नाही! मूर्खपणा सगळेच करतात हो. पण स्वतःच्या हाताने स्वतःलाच वर पाठवलेला माणूस पाहिलाय कधी? नीट बघून घ्या. समोरच बसलाय.

कामशेतहून पवना धरणाकडे जाताना रस्त्याला माझं हॉटेल लागतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची शेड, चार बाकडी, पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात. मागेच घर. पिठल्याची फोडणी मी स्वतः देतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. पूर्वी गिऱ्हाईक वासावर यायचं. आता? दारात गाडी थांबते, आतला माणूस माझ्याकडे बघतच नाही, मोबाइलमध्ये बघतो. माझे तारे मोजतो आणि निघून जातो! अहो, मी इथे समोर उभा आहे, मला विचारा की!

त्यात एका बाईंनी मला एकच तारा दिला. वर लिहिलं, 'मालक ताटावर उभा राहून कसं झालंय, कसं झालंय विचारत बसतो.' काळजीने विचारतो हो मी! स्वभावच तसा, त्याला काय करू? पण त्या ताऱ्यापायी मला घास गोड लागेना.

आणि नेमका तेव्हाच पुण्याच्या एका कंपनीतल्या साहेबांचा फोन. शनिवारी चाळीस माणसं जेवायला आणायची होती. "काका, मी मागे एकदा जेवलोय तुमच्याकडे. पण ऑफिसातले सगळे रिव्ह्यू बघतात. चार बरे दिसले की फायनल करतो."

चाळीस ताटं! पाऊस संपल्यापासून शेडमध्ये माश्या मारत होतो मी. पण चार बरे रिव्ह्यू आणायचे कुठून?

मंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली, "भावकीच्या ग्रुपवर टाका की. लग्नात पंगतीला पुढं असत्यात, तारं द्यायला काय जातंय?"

पटलं. पण नुसतं 'रिव्ह्यू द्या' म्हटलं तर भावकी हलणार आहे का? काळजाला हात घालायला हवा. मी लिहिलं, 'आपला सुभाष. सदैव हसतमुख. अनेकांच्या मुखी घास घालणारा. आज त्याच्यासाठी आपले दोन शब्द हवे आहेत. खालच्या लिंकवर जाऊन आपल्या भावना व्यक्त कराव्यात.' सोबत उद्घाटनाचा फोटो लावला. कपाळाला गंध, हात जोडलेले, गळ्यात झेंडूचा भलामोठा हार.

हसू नका! मला तो फोटो फार प्रसन्न वाटला होता.

मेसेज टाकला, मोबाइल घरीच चार्जिंगला लावला आणि हेल्मेट चढवून कामशेतच्या बाजाराला गेलो.

परत येतो तर काय, फाट्यापासून पांढऱ्या टोप्यांची रांग! आणि निघालीये कुठे, तर माझ्याच हॉटेलाकडे. मंदाला तर काही झालं नाही ना? रस्त्यात ज्ञानोबा आबा दिसले, आमच्या भावकीतले सगळ्यांत वडीलधारे. गाडी थांबवून हेल्मेटमधूनच विचारलं, "आबा, कोन गेलं वो?"

"आपला हाटेलवाला सुभाष रं. लय बोलायचा, पर मानूस सोन्यासारका."

मला हुंदकाच फुटला! खरं सांगतो. काळजीखोर माणूस आधी रडून घेतो, विचार मागाहून करतो. डोळे पुसायला हेल्मेट काढलं आणि आबा मटकन खाली बसले.

"आरं, तू हितं काय करतुयास?"

"बाजाराला गेलतो, आबा."

"आन् मंग आमी कुनाच्या मयताला आलोय?"

मी आबांना गाडीवर मागे बसवलं आणि हॉटेल गाठलं.

हॉटेलात बायांच्या गराड्यात मंदा घसा फोडत होती. मला बघून उसळलीच. "मगाधरनं सांगतीया, बाजारात गेल्यात, बाजारात गेल्यात! तर ह्या म्हनत्यात, पोरीच्या डोक्यावर परिनाम झालाय!"

धावत जाऊन मोबाइल उघडला. ग्रुपची रीत तुम्हाला ठाऊक आहे ना? पहिल्याने लिहायचं, बाकीच्यांनी न वाचता तेच उचलायचं. पहिल्याने हार पाहून 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं होतं. खाली सगळ्यांनी तेच! आणि मी सांगितल्याप्रमाणे, शहाण्यासारखं लिंकवर जाऊन! तिथे लिहिण्याआधी तारे द्यायचे असतात. गेलेल्या माणसाला हात आखडता कोण घेईल? सगळ्यांनी पाच-पाच दिले. 'देवमाणूस गेला', पाच तारे. 'आत्म्यास शांती लाभो', पाच तारे.

चाळीस ताटं बुडाली म्हणून मी कपाळाला हात लावला. साहेबांनी हे वाचलं तर काय म्हणतील? इथलं जेवून नक्की कितीजण वारले?

भावकी मला शिव्या घालत पांगली, तेवढ्यात माझी सखूमावशी आली, पलीकडच्या गावाहून, डोक्यावर पाटी घेऊन. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून ती रीतीप्रमाणे पातेलंभर पिठलं आणि भाकरी घेऊन आली होती. मला जिवंत बघून आधी रडली, मग हसली, मग मागच्या खोलीत नेऊन बसवलं. "मेल्याची खबर आली की आयुक्ष वाढतंया. पर आदी दिष्ट काढू दे."

मीठ-मोहऱ्या माझ्या तोंडावरून फिरत असतानाच बाहेर गाडी थांबली. आवाज ओळखीचा. कंपनीचे साहेब! मी ताडकन उठलो.

"बस खाली! दिष्ट अर्दी सोडून उटायचं न्हाई!"

बाहेर चूल थंड. मंदा आधीच बावरलेली. तिने मावशीचं तेच पिठलं साहेबांना वाढलं! मयतासाठी आलेलं पिठलं, गिऱ्हाइकाच्या ताटात! कसं झालं असेल? कसं लागत असेल? जीव नुसता टांगणीला, आणि विचारायला उठता येईना. मावशी सुटी देईपर्यंत गाडी निघूनही गेली. मंदा म्हणाली, "गप जेवले, हात जोडले आन् गेले."

संध्याकाळी मोबाइलवर मेसेज आला. मंदाने मोठ्याने वाचला.

'ताई, शनिवारी चाळीस जण नक्की. काका गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. अशा वेळी बोलू नये, पण राहवत नाही. काका गेल्यापासून पिठलं फार सुधारलंय.'

मी ओरडलो, "आत्ताच्या आत्ता कळव त्यांना, मी जिवंत आहे म्हणून!"

मंदाने मोबाइल पदराखाली घेतला.

"कळवू की. शनवार तेवढा होऊ द्या."