मठाच्या मळ्यातली वाइन

ही घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. ती माझ्या नोकरीतली नाही, निवृत्तीनंतरची आहे. दप्तरी तिची नोंद कुठेच नाही, म्हणून इथे करतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही दोघं स्टुटगार्टला मुलीकडे गेलो होतो. जावई मोटारींच्या सुट्या भागांच्या कंपनीत इंजिनियर. त्यांच्या फ्रेंच साहेबांनी त्यांना आपल्या गावाकडची रेड वाइन भेट दिली होती. द्राक्षांचा मळा अगदी लहान, पण शेकडो वर्षांपूर्वी तिथल्या मठातल्या साधूंनी लावलेला. बाटलीच्या लेबलावर त्या मठाचं चित्र होतं. येत्या रविवारी साहेब जेवायला येणार आणि तेव्हाच ती उघडायची, असं ठरलेलं.

गुरुवारी पाहतो तर कपाटातून बाटली गायब.

माझ्यातला फौजदार जागा झाला. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, कारण महिनाभर नुसता बाल्कनीत बसून होतो. आमची ही आधीच्या रविवारी घरातला सत्यनारायण आटोपून न्युरेम्बर्गला धाकटीकडे गेली होती. घरात परकी व्यक्ती एकच, वरच्या खोलीत भाड्याने राहणारी सांगलीची मुलगी. विद्यापीठात पीएच.डी. करायची. खबरही आयती मिळाली. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी तिला मंगळवारी कोपऱ्यावरच्या, रिकाम्या बाटल्या टाकायच्या कंटेनरमध्ये हिरवी बाटली टाकताना पाहिलं होतं.

"बाबा, जाऊ द्या ना," मुलगी म्हणाली. मी ऐकलं नाही.

शुक्रवारी मुलगी-जावई कामावर गेल्यावर मी त्या सांगलीच्या मुलीला खाली बोलावलं. संशयितावर मी कधी हात उचलला नाही, याचा मला फार अभिमान. माझी पद्धत वेगळी होती. स्वतः चहा करून द्यायचा, दाराकडे पाठ येईल असं बसवायचं, एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प राहायचं.

"बाळ, बाटली कुठंय?"

"काका, मला खरंच माहीत नाही. मी टाकली ती ऑलिव्ह ऑइलची होती."

मी गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. असे दोन तास गेले. शेवटी मी हुकमी पत्ता टाकला. "तुझ्या प्रोफेसरांपर्यंत हे जावं असं मला वाटत नाही. कबूल कर, विषय इथेच मिटेल."

तिच्या चहावर साय धरली होती. "घेतली मी," ती म्हणाली. मी कागद पुढे केला. तिने जबाब लिहून सही केली. संध्याकाळी तो कागद जावयांपुढे ठेवताना माझी छाती फुगली होती.

रविवारी सकाळी ही परतली. मी ऐटीत सगळी हकिकत सांगितली. हातातली पिशवी खाली न ठेवताच ही म्हणाली, "अहो, बाटली केलरमध्ये आहे. त्या कपाटापुढेच चौरंग मांडला होता ना? देवामागे दारू कशी ठेवायची? मीच खाली नेऊन ठेवली. मला एक फोन करायचा होतात."

केलर म्हणजे तळघरातली सामानाची खोली. तिथे माझ्याच सुटकेसमागे, हिच्या जुन्या साडीत गुंडाळलेली बाटली होती. जावई म्हणाले, वाइनला तीच जागा योग्य.

किरकोळ चोरीतही नवखा शिपाई आधी घरातल्या सगळ्यांना विचारतो. मी विचारलं नव्हतं, कारण आरोपी आधीच ठरवून मोकळा झालो होतो.

वर गेलो तर ती सांगलीची मुलगी सामान भरत होती. दुसरी खोली मिळेपर्यंत मैत्रिणीकडे जमिनीवर झोपणार होती. मी हात जोडून माफी मागितली, राहा म्हणालो. तिने नकारार्थी मान हलवली. मग मला राहवलं नाही. "घेतली नव्हतीस, तर हो का म्हणालीस?"

"काका, तुम्ही 'नाही' हे उत्तर घेतच नव्हतात."

आवाजात राग नव्हता. बॅग उचलून ती गेली.

संध्याकाळी साहेबांनी बाटली उघडली. बाहेर सगळे वाइन वाखाणत होते आणि मी डोकं दुखतंय सांगून आत पडलो होतो. तिचा जबाब खिशातच होता. माझ्यासमोर कुणी फार वेळ टिकत नाही, असं ठाण्यात कौतुकाने म्हणत. अशा कबुल्यांवर मी शाबासक्या घेतल्या आहेत. त्या संध्याकाळी मला आधी नाही म्हणालेले, मग हो म्हणालेले चेहरे आठवू लागले. पाच तर लगेच आठवले. त्यांची माफी मागायची म्हटलं तर आज मला त्यांचे पत्तेही ठाऊक नाहीत.