मागं बसून पाह्यलं का?

मोटारीच्या शोरूममध्ये शिरले की काका आधी चपला काढत आणि थेट मागच्या सीटवर जाऊन बसत. सेल्समन बिचारा स्टिअरिंगपाशी उभा राहून "अंकल, सामने आइए न" म्हणत राही. हे डोळे मिटून बसलेले. "चालवणारा एक असते, बसणारे चार," एवढंच उत्तर मिळे.

रायपूर छत्तीसगढची राजधानी झालं, नव्या कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग आमच्यासारखे नोकरदार आले. ज्याला त्याला आता मोठी गाडी हवी होती. हे काका आमच्या खालच्या घरात राहत, रेल्वेतून निवृत्त झालेले. कॉलनीत कुणी गाडी घ्यायला निघालं की बोलावलं नसलं तरी हे सोबत. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला आधी त्यांचा रागच यायचा. मी सनरूफवर भाळलो होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "मागं बसून पाह्यलं का?" मग माझ्या आईलाच मागे बसवलं. तिचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. ती गाडी तिथेच राहिली.

त्यांच्या पिशवीत जेवायला बसायचा लाकडी पाट असे. गाडीच्या दाराखाली तो ठेवायचा आणि काकूंना चढायला लावायचं. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले.

"बुटकी गाडी घेतली तर हिले उठता येत नाही, उंच घेतली तर चढता येत नाही. मधलीच पाहिजे," ते म्हणत.

काकूंची म्हातारी आई भंडाऱ्याला होती. काकूंना रेल्वेच्या डब्याची पायरी चढवेना, म्हणून तीन वर्षं मायलेकींची भेट नव्हती. जन्म रेल्वेत काढलेल्या माणसाला ते फार लागलं होतं; आता स्वतःची गाडी घेऊनच काकूंना माहेरी न्यायचं होतं.

चाळीस वर्षं रायपुरात राहून काकूंचा होकार छत्तीसगढी झाला होता. काकू मागे बसल्या की हे विचारत, "जमते का?"

"हव."

दुसरं शोरूम, दुसरी गाडी. "हव."

"हिले कोणतीबी गाडी दाखवा, हवच म्हणते," ते माझ्याकडे तक्रार करत. "अशानं पसंत कशी करायची?"

एकदा मी काकूंना एकटं गाठून विचारलं, "खरं सांगा, चढताना दुखत नाही?"

"जीव जाते," त्या हसून म्हणाल्या. "पण किती हौसेनं नेते रे ते मले. नाही कसं म्हणू?"

हे मी काकांना सांगायला हवं होतं. नवरा-बायकोच्या मध्ये कशाला पडा, म्हणून गप्प बसलो. आजही त्याची लाज वाटते.

शेवटी एका 'हव'वर काकांची गाडी ठरली. ती यायला काही महिने लागले आणि तेवढ्यात काकूंचे गुडघे आणखी आखडले. गाडी आली त्याच सकाळी भंडाऱ्याला निघायचं होतं. बोनटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, डब्यात आईसाठी दशम्या. काकूंनी पाटावर उजवा पाय ठेवला, दाराचा दांडा धरला. डावा पाय वर येईना. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. सगळी कॉलनी बघत होती.

"जमते म्हणाली होती ना तू?" काकांनी हळूच विचारलं.

"हव," काकू म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

आम्ही दोघंतिघं उचलून बसवायला पुढे झालो. त्यांनी हात झटकले. "माहेरी चालली मी. पोतं नाही मी चढवायले."

काका पाटाकडे बघत उभे राहिले.  मग काकूंनीच दशम्यांचा डबा त्यांच्या हाती दिला. आई वाट बघत असेल, तुम्ही तरी जा, म्हणाल्या. ते एकटेच गेले.

दुसऱ्या दिवशी परतले तेव्हा मी फाटकाशीच होतो. भेट झाली का, म्हणून विचारलं.

"झाली," ते म्हणाले. "गाडीचा आवाज ऐकून म्हातारी काठी टेकत बाहेर आली. माह्याकडे पाह्यलंच नाही. मागचं दार उघडलं तिनं."

"मग?"

"मंग काय. मागं पाट होता."