अप्पांचा ढोल आणि वायपरची मोटार

मशीन दिसली की लोकांना वाटतं, हिला काय, कसंपण नाचवा. हेच मला सोसत नाय. औंदा गणपतीत आमच्या कॉलनीत जे झालं, ते आठवलं की अजून डोकं तडकतं.

माझे वडील, अप्पा, सिल्लोडकडचे. जन्मभर मेंढरं राखली आणि देवाच्या दारात ढोल वाजवला. उजव्या हातात काठी, डाव्या पंज्याची थाप. लकवा मारला आणि डावा हात गेला. माझ्याकडं राहायला आले ते ढोल घेऊनच; पण तो कोपऱ्यात ठेवून त्याच्याकडं पाठ करून बसायचे. मला बघवायचं नाय.

मी कंपनीत मशिनी दुरुस्त करते. म्हटलं, एक पंजा करणं काय अवघड? शहागंजच्या जुन्या बाजारातनं गाडीच्या वायपरची मोटार आणली, तिला लाकडी पंजा बसवला, वर चामडं. ढोलाच्या कातड्याला सेन्सर चिकटवला. अप्पांची काठी पडली की त्याला कळायचं, पंजा थाप द्यायचा. अप्पा दमानं घेतील तर तोही दमानं. सुरुवातीला अप्पा त्याला लई शिव्या घालायचे, "आरं मुडद्या, कुठं पळतूस!" मग दोघांचं जमलं. एक दिवस म्हणाले, "एकदा चार लोकांत वाजवू दे मला." एवढंच मागितलं बापानं.

मी कॉलनीच्या गणपती मंडळात विचारलं, तर अध्यक्ष खूश. "रोबो ढोल! वा मॅडम!" संध्याकाळी आरतीनंतर अप्पा पटका बांधून मंडपात बसले. काठी पडली, पंज्यानं थाप दिली. आणि स्पीकरमधनं भलताच ढोल सुरू झाला, कुठलं तरी रेकॉर्डिंग!

मी साउंडवाल्याकडं धावले. तो म्हणतो, "टेन्शन नक्को लेओ मॅडम, अध्यक्षसाब बोले ट्रॅक लगाओ."

अध्यक्ष हसतच आले. "अहो, मशीनच आहे ना ती? हात हलला म्हणजे झालं. काकांना सांगा, नुसती अ‍ॅक्शन करा. लोकांना काय कळतंय!"

नुसती अ‍ॅक्शन! ज्या माणसाला एकच हात उरलाय, त्यानं तोही खोटा हलवायचा? अरे, जनाची नाय तर मनाची तरी ठेवा!

तेवढ्यात स्पीकरच्या दणक्यानं ढोलाचं कातडं थरथरायला लागलं. सेन्सर बिचकला, पंजा येड्यासारखा थापा मारत सुटला. लोक खदाखदा हसले, मोबाइल निघाले. अप्पा मान खाली घालून काठी चालवत होते. त्यांच्या ढोलाचा आवाज त्यांनाच ऐकू येत नव्हता.

माझं टाळकं सरकलं. मी सरळ बोर्डातल्या हाताला लागतील त्या वायरी उपटल्या. स्पीकर मेला, पण त्यात पंज्याचीही वायर निघाली. तो हवेतच थांबला.

"आता काय!" अध्यक्ष ओरडले. मग अप्पांकडं वळून म्हणाले, "काका, तुम्ही वाजवा की एका हातानं. लोक बसलेत."

अप्पांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "नाय," म्हणाले. "पोरी, आधी ह्याला चालू कर. आमच्यात जोडीदाराला मधीच टाकून वाजवीत नसतेत."

मंडपात कुणी हसलं नाय. मी पंज्याची तेवढी वायर लावली. स्पीकरची वायर मात्र अप्पांचं वाजवून होईस्तोवर मुठीत घट्ट धरून बोर्डासमोर उभी राहिले. म्हटलं, या, कोण येतंय ते बघतेच.