फायर ड्रिलमध्ये ‘आधी तुम्ही’

अलार्म ठणाणा बोंबलत होता आणि उघड्या दाराच्या आत अख्खं कॉलेज एकमेकांना वाट देत उभं होतं.

“आधी तुम्ही.”

“छे छे, तुम्ही!”

“मला काही घाई नाही, खरंच.”

बाहेर हिरवळीवर, स्टॉपवॉच हातात घेऊन, मी एकटाच पावसात भिजत होतो.

मी फायर रिस्क असेसर. म्हणजे आग लागली तर इमारतीतली माणसं वेळेत बाहेर पडतील का, हे तपासणारा माणूस. हॉस्पिटलं पाहिली, गोदामं पाहिली. लोक ड्रिलला चहाचा कप घेऊन, शिव्या देत येतात. पण येतात!

इंग्लंडमधल्या लीड्सजवळचं हे छोटं मेनोनाइट कॉलेज. मेनोनाइट म्हणजे साधेपणा आणि अहिंसा मानणारा ख्रिस्ती पंथ. इथे गणिताच्या विद्यार्थ्यालाही तत्त्वज्ञान आणि संगीत शिकावं लागे, आणि जेवणानंतर भांडी घासायला प्राचार्यही रांगेत असत. इतकी गोड माणसं, की त्यांच्यावर चिडायचीही चोरी. मी तरीही चिडलो.

बॉसला फोन लावला. केविन मोजकं बोलणारा यॉर्कशायरचा गडी.

“पास की फेल?”

“आग लागली तर सगळे अत्यंत नम्रपणे जळतील.”

“मग फेल कर.”

फेल म्हणजे हॉस्टेल बंद. निम्मी मुलं परदेशातली. प्राचार्य मिरियमबाईंचा चेहरा उतरला. “टर्मच्या मध्यावर ही मुलं जाणार कुठे?”

“मग एक फायर मार्शल नेमा. तो हुकूम देईल, बाकीचे ऐकतील.”

“आमच्यात कुणी हुकूम देत नाही. आम्ही बसून ठरवतो.”

बसले. मतदान नाही, सगळ्यांना पटेपर्यंत उठायचं नाही. मध्येच सगळे डोळे मिटून गप्प. मला वाटलं, ठरलं! तर ती नुसती विचार करायची शांतता. अखेर एकमताने ठरलं: सर्वांत वयस्कर माणूस पहिला.

पुन्हा अलार्म. सर्वांत वयस्कर म्हणजे काठी टेकत चालणारे प्रोफेसर जेकब. ते दारापर्यंत आले आणि बाजूला झाले. “मी हळू चालतो. माझ्यामुळे मुलं अडायला नकोत.”

“नाही सर, आधी तुम्ही!”

माझा संयम सुटला. “अहो, पहिल्याने बाहेर जाऊन मजा मारायची नाहीये! त्याने पावसात उभं राहून बाकीच्यांसाठी आवाराचं फाटक उघडून धरायचंय!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“म्हणजे,” मिरियमबाई हळूच म्हणाल्या, “ती सेवा आहे?”

“प्रचंड सेवा! शिवाय खुर्च्या मांडा, डोकी मोजा, जेकबसरांवर छत्री धरा. भरपूर सेवा आहे बाहेर!”

तिसऱ्या ड्रिलला अलार्म वाजायचा अवकाश, दारातून लोंढाच आला. फाटक पाच जणांनी धरलं होतं. त्याला तेवढ्यांची गरज नव्हती. जेकबसरांच्या डोक्यावर तीन छत्र्या. सगळे बाहेर, वेळेत. हॉस्टेल चालू राहिलं.

आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात, लोकांना धोका नीट समजावून सांगा. या लोकांना धोका पहिल्या दिवशीच समजला होता. हवं होतं ते काम.

तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी आधी चौकशी करतो, इथली माणसं कशासाठी पळतात? रीडिंग शहरातल्या एका ऑफिसात उत्तर मिळालं, फुकटच्या सँडविचसाठी. तिथे ड्रिलच्या दिवशी मी सँडविचचा ट्रे असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे बाहेर जमायच्या जागी, ठेवायला लावला. इतकी वेगवान ड्रिल मी आजवर पाहिलेली नाही.