शिंकेपायी गेलेला वस्तरा

आमच्या सलूनवाल्याचं साऱ्या जगाशीच वाकडं होतं, पण खरं वैर शिंकेशी. केसांचा बारीक भुगा, पावडर, मागच्या खोलीतली ओल, कशानेही नाक पेटायचं आणि पाठोपाठ छाती शिट्टी वाजवायची. एकदा दाढी करतानाच शिंकला. गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली लाल रेघ उमटली. बारीकच, पण शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या धाकट्या भावाने त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला.

"शिंका थांबेपर्यंत तू फक्त केस काप."

"तुला वस्तरा धरायला कोणी शिकवलं रे?"

"तूच. शिंकायला नव्हतं शिकवलंस."

तेव्हापासून दोघं एकमेकांकडे आरशातूनच बघायचे, तेही खाऊ की गिळू असं. भाऊ दाढ्या करी आणि तीस वर्षं मुरलेला हा कारागीर शेजारी नुसती कात्री वाजवी.

डॉक्टरीणबाईंनी दमा सांगितला आणि छातीसाठी पंप, नाकासाठी फवारा दिला. दोन्हींत स्टेरॉइड आहे म्हटल्यावर हा उखडला.

"मला काय कुस्ती खेळायचीय?"

"दंड फुगवायला नाही, आतली सूज उतरवायला आहे. डोस थोडाच असतो. बरं वाटलं तरी रोज घ्या, पंपानंतर चूळ भरा. गुण यायला काही आठवडे लागतील." पंप कसा घ्यायचा तेही बाईंनी दाखवलं, पण हा तेव्हा पुढच्या भांडणाची जुळवाजुळव करत होता.

महिना गेला, फरक ढिम्म नाही. "डब्यात नुसती हवा भरून देतात," असं तो दर गिऱ्हाइकाला ऐकवू लागला.

"घेतोस कसा, दाखव," भाऊ म्हणाला.

याने पंप हातभर लांब धरला, डोळे मिटले आणि तोंडावर दोनदा फुसफुस केलं. नाकाचा फवाराही तसाच. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या डोक्यावर पाणी मारलं, अगदी तस्सं. वर टॉवेलने चेहराही टिपला.

"दमा मिशांना झालाय का तुझ्या?"

भावाने त्याला तसाच बाईंकडे नेला. पंप हलवून, श्वास सोडून, नळी ओठांत घट्ट धरून, दाबताना सावकाश आत ओढायचं आणि दहाएक सेकंद रोखायचं, फवारा नाकपुडीत धरून मारायचा, हे तो या वेळी मुकाट्याने शिकला. शिव्या चालूच होत्या, पण औषध घेऊन झाल्यावर.

दीड महिन्याने शिट्टी थांबली, शिंकाही आटल्या. तरी त्याच्यापुढे गळा द्यायला कोणी धजेना. शेवटी भाऊच खुर्चीत बसला आणि मान वर केली.

"कर."

"बायकोला सांगून आलायस ना?"

"तिनेच पाठवलंय."

वस्तरा कानापासून हनुवटीपर्यंत आला, गळ्यावरून उतरला, कुठे अडखळला नाही. याने तो पुसला आणि आपल्या खणात ठेवून दिला.

"उद्यापासून झाडलोट तू कर," तो म्हणाला. "भुगा मला चालत नाही."