उपासाला चाललेला कॅन

"हायपोग्लायसेमिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातली साखर एकदम खाली जाणं. मग त्यांनी विचारलं, "यांनी ड्रिंक घेतलं होतं का?"

मी भांडायलाच उठले. कॉटवर बेशुद्ध होत्या त्या माझ्या सासूबाई. साताऱ्याहून आमच्याकडे येलहंकाला राहायला आलेल्या, कडक एकादशी करणाऱ्या. त्या आणि दारू?

माझा नवरा सुहास घरी जाऊन आला. ओट्यावर लिचीचं चित्र असलेला दारूचा रिकामा कॅन होता. त्याच्या ऑफिसच्या पार्टीतून उरलेला, फ्रिजमध्ये ताकाशेजारी पडलेला. आईंनी चित्र पाहिलं. फळ उपासाला चालतं, म्हणून गार सरबत समजून सगळा संपवला!

डॉक्टरांनी समजावलं. पोट रिकामं, सकाळी डायबिटीसची गोळी घेतलेली. अशा वेळी लिव्हर रक्तात साखर सोडून सांभाळून घेतं. अल्कोहोलने तेच काम अडवलं. तुमच्याही घरी ही गोळी घेणारं कुणी असेल, तर चवीवर विसंबू नका, कॅनवरची बारीक अक्षरं वाचा.

ग्लुकोज चढवल्यावर आईंनी डोळे उघडले, पण साखर पुन्हा पुन्हा घसरत होती. आयसीयूबाहेरच्या बाकावर मी दाराकडे बघत बसले होते. त्या जातील अशी भीती वाटत होती आणि बोलायची सोय नव्हती. आत नर्स त्यांना कानडीत दटावत होती, "अम्मा, स्वल्प कुडीरी." थोडं प्या. आई आधी विचारत, "यात काय आहे?" मग पीत. मला रडता रडता हसू आलं.

साखर स्थिरावली, तेव्हा सुहास हळूच म्हणाला, "आई, कुणी विचारलं तर उपासाने चक्कर आली म्हणू."

"का? मी काय चोरून प्यायले? आणि दुसरी कुणी असाच कॅन उघडेल, तिचं काय?"

घरी आल्यावर पहिल्याच भजनाला आईंनी टाळ खाली ठेवले आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं, "मी एकादशीला दारू प्यायले. मरता मरता वाचले." एवढं धैर्य माझ्यात नाही. मी मान खाली घालून बसले होते.

कुणी हसलं नाही. शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी मात्र न राहवून विचारलं, "अहो, पण कडू नाही लागली?"

"गोड होती हो," आई म्हणाल्या. "म्हणूनच तर सांगतेय."