देवाला न चालणारी फुलं

बायकोला लकवा झाला. उजवी बाजू गेली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी "आता घरीच सेवा करा" म्हणून सांगितलं, तेव्हा मी तिचा पलंग पुढच्या खोलीत खिडकीशी लावला. आमचं पिपरी मेघेतलं घर लहान. पुढे पोर्च, पलीकडे कंपाउंडची भिंत आणि भिंतीलगत हातभर रुंदीची काळ्या मातीची पट्टी. आयुष्यभर शाळेत शिकवत बोलत आलेली ही बाई आता एकेक शब्द ओढून काढत होती. ती म्हणाली, "मले रोज फुलं दिसली पाह्यजे. बाकी काई नाई."

ती बरी होणार नाही हे मला कळलं होतं, आणि बहुतेक तिलाही. पण फुलांचं मला जमण्यासारखं होतं. मी आयुष्यभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, पद्धतशीरपणे कामाला लागलो. ती झोपायची तिथे आधी स्वतः आडवा होऊन पाहिलं. खिडकीच्या चौकटीतून कमरेखालचं काहीच दिसत नव्हतं. म्हणजे बुटकी झाडं फुकट. झेंडू बाद, हंगाम संपला की उपटा आणि परत लावा, आणि पुढच्या हंगामाचा भरवसा आमच्या घरात कुणाला होता? एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहील, उंच वाढेल आणि एकाचा बहर ओसरायच्या आत दुसऱ्याचा सुरू होईल असं हवं होतं. बारमाही म्हणून जास्वंद, कण्हेर आणि तगर. उन्हाळ्यात मोगरा, थंडीत कोरांटी, शेवंतीच्या कुंड्या विटांवर चढवून. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून शेणखत आणि वाळू मिसळून घेतली.

झाडं लागली, वाढली, कळ्यांनी भरली. आणि खिडकीतून हिरव्या पानांपलीकडे काही दिसेना.

कारण सांगायला नको. आमच्या कॉलनीत पहाटे फिरायला निघालेल्या माणसाच्या एका हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि दुसऱ्या हातात फांदी ओढायची आकडी. व्यायाम आणि पूजा एकाच फेरीत. बायकोला दिसावीत म्हणून मी झाडं उंच वाढवली होती आणि ती बरोबर भिंतीबाहेरच्या हाताला लागत होती. मी तिचं तोंड धुऊन पडदा सारायचो तोवर झाडं ओरबाडलेली. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच.

एके दिवशी मी दबा धरून बसलो. मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आजी सापडल्या. आकडीने जास्वंदीची फांदी वाकवून एकेक फूल खुडत होत्या.

"आजी, माझ्या घरात माणूस आजारी आहे. तिला पाहायला लावलीत ही झाडं."

"मले काय मालूम नाई का, भाऊ?" आजींनी फांदी सोडलीच नाही. "मॅडमसाठीच तं वाह्यतो देवीले. रोज नाव घेतो तिचं. त्या कोपऱ्यावरचे पेन्शनवाले बी घेतात. कशी हाय आज? जेवली का?"

तिच्या डोळ्यांसमोरची फुलं तिच्याच आयुष्यासाठी कॉलनीभरच्या देवांना वाहिली जात होती, आणि देव तर काही ऐकत नव्हते. मी आत येऊन बायकोला म्हटलं, उद्यापासून भिंतीवर काचा लावतो.

"नोका," ती म्हणाली. "देवाले नाई म्हनू नये."

काचा नाही लावल्या. पण मीही हट्टाला पेटलो होतो. देवाला नाही म्हणायचं नाही ना, मग देवच ज्याला नाही म्हणतो ते लावू. गावाबाहेरच्या नर्सरीत गेलो आणि पूजेत चालत नाही असंच काय काय आहे ते विचारलं. नर्सरीवाला आधी हसला, मग मी हसत नाही हे पाहून त्याने गुमान झाडं काढून दिली. भिंतीलगत गुलाबी बोगनवेल, तिच्यापुढे पिवळी-केशरी घाणेरी, पोर्चच्या कठड्यावर काटेरी युफोर्बियाच्या कुंड्या. तिन्ही जवळजवळ बारमाही, तिन्ही उन्हाला पुरून उरणारी, आणि एकही कुणाच्या देव्हाऱ्यात जाणार नाही. जास्वंद, कण्हेर, तगर, मोगरा, कोरांटी मी मुळासकट काढून टाकली, शेवंतीच्या कुंड्याही.

माझा हिशेब चुकला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत खिडकी फुलांनी भरून गेली. कूलर घरघरत होता, बाहेर नजर ठरत नव्हती, आणि त्या भट्टीत बोगनवेलीवर पान कमी आणि फूल जास्त. एका फुलालाही कुणाचा हात लागला नाही. मी तिच्या उशाशी खुर्ची टाकून बसलो आणि म्हटलं, "पाहा, आता कसं दिसतं."

ती पाहत होती. मग म्हणाली, "आता कोनी येत नाई."

"कोण?"

"सकायचे."

पहाटे भिंतीशी येणारी ती माणसं, मी मागे पाणी तापवत असताना, पिशव्या भरता भरता तिला हाका मारायची. मॅडम, झोप लागली का. मॅडम, आज कढी केली आमच्याकडे. मी चोर म्हणून ज्यांच्यावर चरफडत होतो, त्यांची ती पडल्या पडल्या वाट पाहत असे. देवाला चालणारी फुलं नसलेल्या भिंतीशी थांबायला कुणाला निमित्तच राहिलं नव्हतं. मी पुन्हा जास्वंद आणून लावली. पण मे महिन्यात लावलेलं झाड जगतं थोडंच? सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही काडी झाली.

मे संपायच्या आतच ती गेली, पहाटे, लोक फिरायला निघतात त्या वेळी. हार आणायला शेजारचा माणूस मोटरसायकलवर वर्ध्याला गेला. बायका म्हणाल्या, तोवर तिच्या छातीवर घरचं एखादं फूल ठेवा. सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत फुललेली होती. कुणी उठलं नाही.

शेवटी आजी उठल्या. फाटकाशी ठेवलेली आकडी त्यांनी घेतली. आमच्या भिंतीकडे मानही न वळवता त्या दुसऱ्या गल्लीत गेल्या. खूप वेळाने घामाने निथळत परत आल्या. पिशवीत कण्हेरीची मूठभर फुलं, तीही कडेने करपलेली.

"एवढीच भेटली, भाऊ. उन्हानं सारं जयून गेलं."

ती त्यांनी तिच्या हातांवर ठेवली. हातसुद्धा झाकले गेले नाहीत. मी तिथेच भिंतीला टेकून रडलो, लहान पोरासारखा, सगळ्यांदेखत.

झाडांना पाणी घालणं मी त्या दिवसापासून सोडलं. युफोर्बियाच्या कुंड्या सुकल्या. बोगनवेल आणि घाणेरी मात्र अजून फुलतात.